बाळाला लाभलेले मूत्रपिंड आणि 'न्यूक्लिअर स्कॅन' : भीती नको, माहिती हवी

दरवर्षी मार्च महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी 'जागतिक मूत्रपिंड दिन' पाळला जातो. हा दिवस बहुधा प्रायश्चित्तकाळातच येतो. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही या काळाची तीन अंगे आपण लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकत आलो आहोत. दान म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर पैसा, धान्य, वस्त्र येते. परंतु आपल्या शरीराचा एक अवयव दुसऱ्याला देणे, तेही आपल्या लेकराचा जीव वाचावा म्हणून, हे दान आज आपल्या धर्मग्रामांतील काही घरांनी प्रत्यक्ष अनुभवले आहे. त्या घरांसाठी आणि उद्या ज्यांच्यावर असा प्रसंग येऊ शकेल त्या सर्वांसाठी हा लेख आहे.

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण म्हणजे काय, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र त्यानंतर डॉक्टरांनी कागदावर 'न्यूक्लिअर स्कॅन' किंवा 'रीनल डीटीपीए स्कॅन' असे लिहून दिले की घरातली माणसे गोंधळून जातात. 'न्यूक्लिअर' म्हणजे अणू, आणि अणू म्हणजे बॉम्ब, किरणोत्सर्ग, कॅन्सर, अशी साखळी मनात तयार होते. आधीच मोठ्या शस्त्रक्रियेतून गेलेल्या इवल्याशा लेकराच्या शिरेत आता किरणोत्सर्गी द्रव्य सोडणार, या कल्पनेनेच आईचा जीव कासावीस होतो. कुणी नातेवाईक 'थोडे थांबून पाहा' असा सल्ला देतात. आम्हाला सांगायचे आहे ते हेच, की हा थांबण्याचा सल्ला काही वेळा फार महागात पडू शकतो.

खाडीपलीकडचा डोंगर

न्हावा शेव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समुद्रात घारापुरीचे बेट दिसते आणि खाडीपलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर. त्या डोंगराच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. १९५६ साली तेथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली, १९६० साली 'सायरस' आणि १९८५ साली 'ध्रुव'. १९८९ साली आपल्या बाजूला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, तेव्हा खाडीच्या दोन्ही काठांचे रूप पालटले होते. या परिसरात वाढलेल्या माणसाला 'अणू' हा शब्द नवा नाही. मात्र तो ओळखीपेक्षा धाकानेच अधिक ऐकलेला असतो.

त्याच अणुसंशोधनाची दुसरी बाजू आपण क्वचितच ऐकतो. ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांतून औषधोपचारासाठी लागणारी समस्थानिकेही निघत आली आहेत. १९६३ साली परळ येथे 'रेडिएशन मेडिसिन सेंटर' स्थापन झाले आणि रुग्णांच्या तपासणीसाठी व उपचारासाठी अशा द्रव्यांचा वापर आपल्या शहरात पद्धतशीरपणे सुरू झाला. नवी मुंबईतच, वाशी येथे, 'विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ' म्हणजेच 'ब्रिट' या सरकारी संस्थेचे संकुल आहे. मूत्रपिंडाच्या स्कॅनसाठी लागणारी डीटीपीए, ईसी, डीएमएसए यांसारखी औषधांची किट्स ही संस्था तयार करते आणि देशभरातील रुग्णालयांना पुरवते. म्हणजे न्हावा शेव्याच्या मुलाला मुंबईच्या रुग्णालयात जे इंजेक्शन दिले जाते, त्यातील औषध आपल्याच शेजारच्या गावातून आलेले असू शकते.

जहाजाने न येणारा माल

या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याचे नाव टेक्नेशियम-९९एम. टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ साली इटलीतील पालेर्मो येथे शोधले गेले आणि त्याचे हे विशिष्ट रूप पुढच्याच वर्षी अमेरिकेत आढळले. त्याचा मोठा गुण म्हणजे ते फार काळ टिकत नाही. दर सहा तासांनी त्याची तीव्रता निम्मी होते. सकाळी दिलेले द्रव्य संध्याकाळी अर्ध्याहून कमी उरते आणि चोवीस तासांनी सोळावा हिस्सा. शिवाय लघवीवाटे ते बाहेर जाते ते वेगळेच.

आता प्रश्न असा की जे सहा तासांत निम्मे होते ते रुग्णालयात साठवायचे कसे? यासाठी मोलिब्डेनम-९९ हे त्याचे 'जनक' द्रव्य वापरतात. ते सुमारे ६६ तासांत निम्मे होते आणि होता होता त्यातून टेक्नेशियम तयार होत राहते. शिशाच्या जाड आवरणातील एका छोट्या उपकरणात हे मोलिब्डेनम ठेवलेले असते. त्यातून रोज सकाळी मिठाचे निर्जंतुक पाणी सोडले की तयार झालेले टेक्नेशियम त्या पाण्याबरोबर बाहेर येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुरेसे तयार झालेले असते. म्हणूनच या विभागातील मंडळी त्या उपकरणाला 'गाय' म्हणतात आणि या कामाला 'धार काढणे'. आठवडाभरात ही गाय आटत जाते. सातव्या दिवशी मूळच्या सहाव्या हिश्श्याइतकीच ताकद उरते. मग नवी आणावी लागते.

आपल्या बंदरात जगभरचा माल कंटेनरमधून येतो. हा माल मात्र तसा येऊ शकत नाही. समजा, युरोपातून मोलिब्डेनम जहाजावर चढवले आणि न्हावा शेव्याला पोहोचायला तीन आठवडे लागले, तर वाटेतच त्याचा दोनशेवा भाग तेवढा उरेल. म्हणून परदेशातून येणारे मोलिब्डेनम विमानानेच आणावे लागते. जगात ते तयार करणाऱ्या अणुभट्ट्या मोजक्याच आहेत. २००९ साली कॅनडातील चॉक रिव्हर येथील जुनी अणुभट्टी बिघाडामुळे वर्षाहून अधिक काळ बंद पडली, तेव्हा जगभरातील रुग्णालयांत अशा स्कॅनच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. स्कॅनची वेळ दिली असता आपण उशिरा पोहोचलो, तर द्रव्य आपली वाट पाहत थांबत नाही, हेही यावरून ध्यानात यावे.

मुलांची मूत्रपिंडे का निकामी होतात?

मोठ्या माणसांत मधुमेह आणि रक्तदाब ही मूत्रपिंड निकामी होण्याची मुख्य कारणे आहेत. मुलांचे तसे नसते. पुष्कळ मुलांमध्ये मूत्रपिंडांची किंवा मूत्रमार्गाची घडणच जन्मतः सदोष असते. काही मुलग्यांमध्ये मूत्रनलिकेत जन्मतः पडद्यासारखा अडथळा असतो आणि लघवी तुंबून मागे मूत्रपिंडांवर दाब येतो. काहींमध्ये लघवी मूत्राशयातून उलट वर चढते व वारंवार जंतुसंसर्ग होतो. काही मुलांना मूत्रपिंडाच्या गाळण्यांचे आजार होतात, तर काहींना आनुवंशिक व्याधी असतात. यात मातापित्यांचा दोष नसतो. गरोदरपणात आईने काय खाल्ले, कुणाची नजर लागली, कोणत्या पापाची ही शिक्षा, असले प्रश्न विचारून आपण त्या माउलीच्या जखमेवर मीठ चोळू नये. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी असाच प्रश्न विचारला होता, आणि प्रभू येशूने त्यांना काय उत्तर दिले ते संत योहानच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आपण वाचतो.

मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली की डायलिसिस हा तात्पुरता आधार असतो. पण वाढत्या वयातील मुलाची उंची, हाडे, शाळा आणि खेळ यांचा विचार केला तर प्रत्यारोपण हाच सर्वोत्तम उपचार ठरतो. जगातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला देऊन झाले. ती शस्त्रक्रिया करणारे डॉ. जोसेफ मरे हे श्रद्धावान कॅथोलिक होते. निरोगी माणसावर त्याच्या स्वतःच्या लाभासाठी नसलेली शस्त्रक्रिया करावी की नाही, हा प्रश्न त्यांनाही पडला होता; त्यांनी आधी निरनिराळ्या पंथांच्या धर्मगुरूंशी सल्लामसलत केली होती. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात १९६५ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात पहिला प्रयत्न झाला आणि १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पहिले यश आले.

नवे मूत्रपिंड कोठे बसवतात?

बऱ्याच जणांना वाटते की जुनी मूत्रपिंडे काढून त्यांच्या जागी नवे बसवले जाते. सहसा तसे होत नाही. जुनी मूत्रपिंडे पाठीकडे, आपल्या जागीच राहतात आणि नवे मूत्रपिंड पोटाच्या पुढच्या भागात, जांघेच्या वर, उजव्या किंवा डाव्या बाजूस बसवले जाते. त्याची रक्तवाहिनी मुलाच्या रक्तवाहिनीला जोडतात आणि त्याची मूत्रवाहिनी मूत्राशयाला. मूल फारच लहान असेल तर मोठ्या माणसाचे मूत्रपिंड त्याच्या पोटाच्या पोकळीत ठेवून शरीरातील सर्वांत मोठ्या धमनीला व शिरेला जोडावे लागते.

यातच मुलांच्या प्रत्यारोपणाची अवघड बाजू आहे. वडिलांच्या शरीरात वाढलेल्या मूत्रपिंडाला भरपूर रक्त लागते. वीस किलो वजनाच्या मुलाचे छोटे हृदय ते रक्त पुरवू लागते. शरीरातील पाणी थोडे जरी कमी झाले तरी नव्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. मुलांच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोकाही अधिक. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत डॉक्टर आणि परिचारिका तासातासाला लघवी मोजतात.

स्कॅनमध्ये नेमके काय दिसते?

समजा, न्हावा शेव्याच्या एका कुटुंबातील सात वर्षांच्या मुलीला वडिलांनी मूत्रपिंड दिले आहे. पहिले दोन दिवस लघवी उत्तम झाली. तिसऱ्या दिवशी ती कमी झाली आणि रक्तातील क्रिएटिनिन वाढू लागले. वडील स्वतः अजून दुसऱ्या वॉर्डात टाके घेऊन पडून आहेत. आई एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे येरझाऱ्या घालते आहे. 'मूत्रपिंड वाया तर नाही ना गेले?' हा एकच प्रश्न घरच्यांच्या मनात आहे.

डॉक्टरांपुढे यावेळी अनेक शक्यता असतात आणि प्रत्येकीचा उपचार वेगळा, काही वेळा अगदी विरुद्ध. म्हणून प्रथम सोनोग्राफी व डॉपलर करतात. त्यातून मूत्रपिंडाचा आकार, रक्तवाहिन्या आणि आजूबाजूला साचलेले पाणी दिसते. ही तपासणी खाटेपाशीच होते आणि तिला किरणे लागत नाहीत. अनेक वेळा तेवढ्यावरच निर्णय होतो. पण सोनोग्राफी मुख्यतः रचना दाखवते. मूत्रपिंड प्रत्यक्ष काम किती करते आहे हे पाहायचे असेल, तर न्यूक्लिअर स्कॅनचा आधार घेतला जातो.

उरण परिसरातल्या मिठागरांचे उदाहरण घेऊ. दूर बांधावर उभ्या असलेल्या माणसाला तीन गोष्टी पाहाव्या लागतात : भरतीचे पाणी आत येते आहे का, ते खाचरांत नीट पसरते आहे का आणि उघाडीतून वेळेवर बाहेर पडते आहे का. पाण्यात थोडा रंग टाकला तर हे तिन्ही टप्पे स्पष्ट दिसतील. टेक्नेशियम हा तो रंग. त्याला डीटीपीए, ईसी किंवा मॅग-थ्री अशा एखाद्या औषधाशी जोडतात. मूत्रपिंड हे औषध रक्तातून ओढून घेते आणि लघवीत टाकते. टेक्नेशियममधून निघणारे गॅमा किरण बाहेरचा कॅमेरा टिपतो. हा 'गॅमा कॅमेरा' १९५७ च्या सुमारास अमेरिकेत हॅल अँगर यांनी तयार केला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : हा कॅमेरा स्वतः कोणतेही किरण सोडत नाही, तो फक्त पाहतो. नवे मूत्रपिंड पुढच्या बाजूस असल्यामुळे कॅमेरा मुलीच्या पाठीमागे नव्हे, तर पोटाच्या वर आणतात.

पहिल्या मिनिटात, दर एक-दोन सेकंदाला एक अशी चित्रे घेतात; त्यात रक्त मूत्रपिंडापर्यंत पोहोचते की नाही ते कळते. पुढची वीस ते तीस मिनिटे औषध मूत्रपिंडात भरते कसे आणि मूत्राशयात उतरते कसे ते पाहतात. त्यावरून संगणक एक आलेख काढतो. निरोगी मूत्रपिंडाचा आलेख झटकन वर चढतो आणि मग उतरत जातो. शेवटी लघवी करवून पुन्हा एक चित्र घेतात.

आता त्या मुलीच्या बाबतीत काय काय दिसू शकते ते पाहू.

रक्तच पोहोचत नसेल तर मूत्रपिंडाच्या जागी चित्रात काळोखा रिकामा डाग दिसतो. रक्तवाहिनीत गुठळी झाल्याची ती खूण असू शकते. ही सर्वांत मोठी आणीबाणी. येथे तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो आणि डॉपलरवरच संशय पक्का झाला तर डॉक्टर स्कॅनसाठी न थांबता थेट शस्त्रक्रियागृहात नेतात.

रक्त चांगले पोहोचते, औषधही आत जाते, पण तेथेच साचून राहते, लघवी मात्र उतरत नाही, असे दिसले तर मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांना धक्का बसलेला असण्याची शक्यता अधिक. एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाताना मूत्रपिंड काही काळ रक्ताविना राहते, त्याचा हा परिणाम. मृत दात्याचे मूत्रपिंड बराच वेळ बर्फात ठेवावे लागते, तेव्हा हे अधिक आढळते. अशा वेळी मूत्रपिंड 'वाया गेलेले' नसते. ते दमलेले असते. काही दिवस, क्वचित काही आठवडे, डायलिसिसचा आधार देऊन वाट पाहिली की ते बहुधा कामाला लागते. स्कॅनमुळे घरच्यांना मिळणारा हा दिलासा फार मोठा असतो.

रक्तपुरवठा आणि काम दोन्ही आधीच्या स्कॅनपेक्षा घटलेली दिसली तर शरीराने नवे मूत्रपिंड परके मानून नाकारायला सुरुवात केली असावी, असा संशय येतो. त्यासाठी रोगप्रतिकारशक्ती दडपणारी औषधे वाढवावी लागतात. म्हणूनच काही रुग्णालये प्रत्यारोपणानंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच एक स्कॅन करून ठेवतात. पुढे तुलना करायला ती मूळ नोंद उपयोगी पडते.

लघवी मूत्राशयाबाहेर पोटात झिरपत असेल तर चित्रात औषध भलत्याच जागी पसरलेले दिसते. पोटात साचलेले पाणी लघवी आहे की दुसरा द्रव, हेही त्यावरून कळू शकते : लघवी असेल तर ती जागा उशिराने का होईना, उजळते, दुसरा द्रव असेल तर काळीच राहते. आणि मूत्रवाहिनी कुठे अडली असेल तर औषध मूत्रपिंडाच्या पोकळीत तुंबून राहते. तेव्हा लघवी वाढवणारे इंजेक्शन देऊन पुन्हा पाहतात. त्यानेही निचरा झाला नाही तर अडथळा खरा. मात्र मूत्राशय भरलेले असले तरी वरचा निचरा मंदावतो आणि फसवे चित्र उमटते. जन्मतः मूत्रमार्गाचा दोष असलेल्या मुलांत हे विशेष घडते, म्हणून त्यांची लघवीची नळी उघडी ठेवतात.

पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मुलाला ताप येऊन नव्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला, तर डीएमएसए नावाचा वेगळा स्कॅन करतात. त्यात इंजेक्शननंतर दोन-तीन तासांनी स्थिर चित्रे घेतात आणि मूत्रपिंडावर कायमचे व्रण उरले आहेत का ते पाहतात.

या तपासणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. शरीराने मूत्रपिंड नाकारणे आणि औषधांचाच मूत्रपिंडावर दुष्परिणाम होणे, या दोहोंत फरक करणे स्कॅनला पुष्कळदा जमत नाही. तेथे सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायॉप्सी, हाच खात्रीचा मार्ग. स्कॅन झाल्यावर डॉक्टर बायॉप्सी सांगतात याचा अर्थ पहिली तपासणी व्यर्थ गेली असा नाही. प्रत्येक तपासणी एका प्रश्नाचे उत्तर देते. तसेच सगळ्याच मुलांना वारंवार हा स्कॅन लागत नाही. 'या तपासणीतून आपल्याला काय कळणार आहे आणि त्याने उपचारात काय बदलेल?' हा प्रश्न नम्रपणे विचारण्याचा अधिकार प्रत्येक मातापित्याला आहे.

किरणांची भीती किती खरी?

पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येक माणसाला माती, खडक, आकाश आणि अन्न यांतून नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतच असतो. जगाची सरासरी पाहिली तर तो वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट इतका असतो. केरळात कोल्लमच्या किनाऱ्यावरील वाळूमुळे काही गावांत तो याहून कितीतरी अधिक आहे. मूत्रपिंडाच्या अशा एका स्कॅनमधून मुलाला मिळणारी मात्रा साधारणपणे १ मिलिसीव्हर्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, म्हणजे काही महिन्यांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाइतकी. मुलांसाठी द्रव्याचे प्रमाण त्यांच्या वजनावरून ठरवतात. मोठ्यांचे इंजेक्शन मुलांना देत नाहीत. देशातील अशा विभागांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

धोका शून्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. मुलांच्या वाढत्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात, म्हणून विनाकारण तपासणी करू नये. पण एकीकडे हा अत्यल्प धोका आणि दुसरीकडे वडिलांनी दिलेले मूत्रपिंड गमावण्याचा धोका, असे दोन्ही तराजूत तोलून पाहिले तर पारडे कोणीकडे झुकते हे सांगायला नको. शिवाय या औषधाने मूत्रपिंडाला इजा होत नाही. सीटी स्कॅनच्या रंगद्रव्याने ती होण्याची शक्यता असते. ॲलर्जीही क्वचितच होते.

आईवडिलांसाठी काही सूचना

या स्कॅनसाठी मुलाला उपाशी ठेवावे लागत नाही. उलट, डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल तर भरपूर पाणी पाजावे. वेदना होते ती फक्त सुईची. त्याआधी त्वचा बधिर करणारे मलम लावता येते का ते विचारावे. मुलाला अर्धा तास न हलता पडून राहावे लागते. बहुतेकांना झोपेचे औषध लागत नाही. आवडते खेळणे, गोष्ट, मोबाइलवरचे कार्टून किंवा आईच्या हाताचा स्पर्श पुरतो. 'मोठा कॅमेरा तुझा फोटो काढणार आहे, तो तुला शिवणारही नाही', असे आधीच सांगून ठेवावे. मुलाशी खोटे बोलू नये. सुई टोचणार असेल तर 'काही होणार नाही' असे म्हणू नये. एकदा विश्वास गेला की पुढच्या प्रत्येक तपासणीला ते मूल रडते.

आई गर्भवती असेल किंवा तशी शक्यता असेल तर तिने स्कॅनच्या वेळी मुलाजवळ बसू नये. वडील, मावशी किंवा आजीने बसावे. घरी आल्यावर त्या दिवशी पाणी भरपूर पाजावे, लघवी वरचेवर करवावी, लंगोट बदलल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. एवढे पुरे. मुलाला वेगळ्या खोलीत ठेवण्याची, त्याची ताटवाटी वेगळी करण्याची मुळीच गरज नाही. 'त्याला अणूचे इंजेक्शन दिले आहे, जवळ जाऊ नका' असे शेजाऱ्यांनी आपल्या मुलांना सांगितले तर त्या बालमनाला किती वेदना होतील! स्कॅन झालेले मूल दुसऱ्याला धोकादायक नसते. उलट त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी कमी केलेली असल्यामुळे आपल्या सर्दी-खोकल्याचा धोका त्यालाच असतो.

न्हावा शेवा-उरण भागातून परळच्या रुग्णालयांकडे जाणे पूर्वी एक दिव्यच होते. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायचे, नाहीतर पनवेलवरून वळसा घालायचा. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा शेवा हा अटल सेतू खुला झाला आणि त्याच महिन्यात उरणपर्यंत लोकलही धावू लागली. पुलावरून गाडीने अंतर कमी झाले आहे, पण गाडी सर्वांकडे नसते. प्रत्यारोपण झालेल्या मुलाला गर्दीतून नेणे धोक्याचे. धर्मग्रामातील एखाद्याने आपल्या गाडीतून त्या मायलेकरांना पहाटे रुग्णालयात पोहोचवले, तर तो या प्रायश्चित्तकाळातील उत्तम दानधर्म ठरेल. खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा समावेश आहे. योजनेशी संलग्न रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतात, त्यांच्याकडे चौकशी करावी.

ख्रिस्तसभा काय सांगते?

अवयवदान आपल्या धर्मात चालते का, हा प्रश्न आजही विचारला जातो. उत्तर स्पष्ट आहे. पोप पायस बारावे यांनी १९५६ साली नेत्रपटलाच्या रोपणाविषयी बोलताना मृतदेहातून असे दान घेण्यास नैतिक हरकत नसल्याचे सांगितले. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या 'जीवनाचे शुभवर्तमान' या परिपत्रकात अवयवदानाचा गौरव केला आणि ऑगस्ट २००० मध्ये रोम येथे प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या जागतिक परिषदेपुढे ते प्रेमाचे अस्सल कृत्य असल्याचे प्रतिपादन केले. मात्र त्याला अटी आहेत : दात्याची संमती मुक्त व समजून-उमजून दिलेली असावी, दात्याच्या जिवाला अवाजवी धोका नसावा आणि अवयवांचा व्यापार कदापि होऊ नये. आपल्या देशाचा १९९४ चा कायदाही अवयवविक्री हा गुन्हा मानतो. २०११ च्या दुरुस्तीनंतर आईवडील व भावंडांबरोबर आजी-आजोबाही जवळचे नातेवाईक म्हणून दान करू शकतात.

येथे एका दुखऱ्या जागेवर बोट ठेवणे आम्हाला भाग आहे. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांची संख्या फार मोठी आहे आणि अवयव मिळणाऱ्यांमध्ये पुरुषांची. मुलग्यासाठी जी धावपळ होते ती मुलीसाठी होतेच असे नाही. 'तिचे पुढे लग्न कसे होणार?' हा प्रश्न तिच्या उपचाराच्या आड येतो. मुलगा आणि मुलगी दोघेही देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाली आहेत, असे आपण श्रद्धेने मानतो. ते मानणे रुग्णालयाच्या दारातही दिसले पाहिजे.

जपणूक हीच कृतज्ञता

स्तोत्रसंहितेतील एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रात, आईच्या उदरात असताना देवानेच आपले अंतर्याम घडवले, असे स्तोत्रकर्ता कृतज्ञतेने म्हणतो. मूळ हिब्रू भाषेत तेथे जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ 'मूत्रपिंडे' असा आहे. प्राचीन इस्राएल लोक मूत्रपिंड हे माणसाच्या अगदी आतल्या, केवळ देवालाच दिसणाऱ्या भावनांचे स्थान मानत. जे पूर्वी केवळ देवाच्या नजरेला दिसत होते त्याचे थोडेसे दर्शन आज विज्ञानाच्या कृपेने डॉक्टरांना घडते, आणि तेही लेकराच्या कल्याणासाठी.

लाभलेले मूत्रपिंड जन्मभर आपोआप टिकत नाही. औषधे रोज ठरल्या वेळी घ्यावी लागतात, पाणी पुरेसे प्यावे लागते, तपासण्या चुकवून चालत नाहीत. विशेषतः किशोरवयात मुले औषधांना कंटाळतात आणि 'आता मी बरा आहे' म्हणून गोळ्या सोडून देतात. त्यातून चांगली चाललेली मूत्रपिंडे गमावली जातात. अशा वेळी रागावण्यापेक्षा सोबत हवी असते : आईवडिलांची, शिक्षकांची, धर्मगुरूंची आणि युवा गटातील सवंगड्यांचीही.

आपल्या धर्मग्रामात असे एखादे मूल असेल तर त्याचे नाव रविवारच्या मिस्सेत प्रार्थनेत जरूर घ्यावे. आणि मिस्सेनंतर त्याच्या आईला, 'पुढच्या तपासणीला कधी जायचे आहे? मी येऊ का सोबत?' असेही विचारावे. प्रार्थनेला कृतीची जोड मिळाली की ती त्या घरापर्यंत पोहोचते. रोग्यांचे आरोग्य असलेली पवित्र मरिया माता अशा सर्व बालकांना, त्यांच्या दात्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञांना आपल्या पदराखाली घेवो, हीच आमची प्रार्थना.